तीन ग्रेस मार्क

तडा गेलेली झडप पास कशी होईल? पण पडद्यावर तर ठसठशीत लिहिलं होतं, ‘उत्तीर्ण’. मघाशी ते वाचून स्वधा प्रयोगशाळाभर नाचली होती.

तिची आई चंद्रावरच्या वसाहतीत अडकली होती. परतीच्या यानापर्यंत तासभर चालावं लागणार, आणि तिच्या अवकाश-पोशाखातली झडप (हवा आत घेणारं, पण बाहेर जाऊ न देणारं इवलंसं दार) निकामी झालेली. आजोबांनी नव्या झडपेचा आराखडा पाठवला की आई ती तिथल्या यंत्रावर रबरात छापून घेणार होती. पण आजोबांचा प्रत्येक नमुना (आधी करून पाहिलेली वस्तू) चंद्रासारख्या थंडीच्या शीतपेटीत फुटत होता. यान तर उद्याच निघणार होतं.

“गुणाकर, हिला तडा गेलाय की रे!” स्वधा ओरडली.

“तास भरायला तीन मिनिटं कमी पडली. मी ग्रेस दिली,” चाचण्या घेणारा यंत्रमानव ऐटीत म्हणाला. पूर्वी तो परीक्षा मंडळात पेपर तपासायचा. सवय कुठली जायला!

झडप मुठीत लपवावी असं तिला वाटलं, पण आजोबा मागेच उभे होते. त्यांनी तडा पाहिला.

“राहू द्या ना आजोबा! तीनच तर मिनिटं!”

“अगं, ती पास व्हावी म्हणून आपण चाचणी घेत नाही. ती कुठे मोडते ते कळावं म्हणून घेतो.” आजोबा म्हणाले. “शाळेत काठावर सुटलेल्याला पुढच्या वर्षी सावरता येतं. चंद्रावरच्या थंडीत रबर कडक होतं, तडकतं, हवा निघून जाते. ती थंडी कुणाला सांभाळून घेत नाही.”

त्यांनी ‘उत्तीर्ण’ खोडलं. इतके महिने राबून हाती काय, तर रबराचे तुकडे! स्वधा हमसाहमशी रडली. काय चुकलं ते न कळून गुणाकर नुसता उभा राहिला.

आईला फोन स्वधानेच लावला. “आई, झडप फुटली. तू उद्या येणार नाहीस.”

पलीकडे आईने नाक ओढलं. “कुठून फुटली गं?”

“आतल्या कडेने.”

“म्हणजे तिथे रबर पातळ पडतंय. आजोबांना सांग. आणि रडू नकोस, राणी. ती तिथे पेटीत फुटली म्हणून मी तुझ्याशी बोलतेय. इथे फुटली असती तर?”

स्वधाने तडकलेली झडप टेबलावर ठेवली.

“पुढचं यान दिवाळीत आहे,” आई म्हणाली.

आजोबा आतली कड जाड करायला बसले. स्वधा त्यांच्या शेजारी जाऊन बसली. दिवाळीला अजून पुष्कळ अवकाश होता.