वळचणीखालची एकवीस

नगरपालिकेला पुस्तिका हवी होती. गावातल्या तीन चर्चचा इतिहास, चोवीस पानं, नोव्हेंबरच्या वाईन-जत्रेआधी. माझी लेक ऑत्ताविया व्हायच्या आधी मी दप्तरखान्यात कामाला होते, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. ती पाच महिन्यांची. ती दूध पिऊन झोपली की मी लिहायला बसायचे. ती जागी झाली की वाक्य अर्ध्यातच राहायचं.

टेकडीवरचं मोठं चर्च चार दिवसांत लिहून झालं. बाजारातलं विटांचंही झालं. उरलं ते खाली द्राक्षमळ्यातलं, श्वासाच्या मातेचं. एकच खोली. आत मेणाचा आणि ओलीचा वास, आणि तोडणीच्या दिवसांत शेजारच्या कोठारातून येणारा आंबत्या रसाचा.

जुन्या काळी पोटातच गेलेल्या मुलाला बाप्तिस्मा देता येत नसे, आणि त्याशिवाय दफनभूमीत जागा मिळत नसे. मग बाया ते मूल टोपलीत घालून इथे आणायच्या. वेदीपुढच्या दगडावर ठेवायच्या, ओठांवर कबुतराचं पीस ठेवायच्या आणि बसून राहायच्या. पीस हललं की मूल एक श्वास जगलं असं धरायचं. पाद्री घाईने नाव ठेवून पाणी शिंपडायचा. मग त्याला बाहेर, वळचणीखाली पुरायचं. पागोळ्यांचं पाणी अंगावर पडत राहावं म्हणून.

तिथल्या खणात नोंदवही आहे. तिच्या शेवटच्या पानावर एकवीस नावं. प्रत्येकापुढे तेच शब्द: ‘एक श्वास घेतला.’ मी टिपणात एकवीस लिहिलं.

चावी देसोलिनामावशीकडे असते. वय ऐंशीच्या पुढे, आणि दुपारी बाराची घंटा अजून तीच वाजवते.

“लेकराला त्या दगडावर ठेवू नकोस हं,” ती म्हणाली.

“का गं मावशी?”

“शिकलेल्यांना सगळ्याचं कारण लागतं. थंड असतो, झालं?”

ती घंटेकडे गेली. मला दगड मोजायचा होता आणि त्याला दोन्ही हात लागत होते. हात लावून पाहिलं. दगड थंड नव्हता. खिडकीतलं ऊन त्याच्यावर आलं होतं. मी शाल अंथरून ऑत्तावियाला त्यावर ठेवलं. घंटा सुरू झाली. भिंतीवर काचेच्या पेटीत जुनं पीस आहे, कडा शिशाने बंद केलेल्या. ते एकदा उचललं गेलं आणि खाली बसलं.

मला वाटलं, वारा असेल.

दुसऱ्या दिवशी घरी मी तिला पाजत होते. माझा हात तिच्या पाठीवर होता. खालून घंटा ऐकू आली आणि हाताखालची पाठ थांबली. दोन श्वास आलेच नाहीत. डोळे उघडे होते, शांतपणे माझ्याकडे पाहत होते. मग ती परत चोखू लागली.

तिसऱ्या दिवशी तीन. चौथ्या दिवशी चार.

“झोप होत नाही तुझी,” माझा नवरा इवानो म्हणाला. तो सहकारी वाइनरीत आहे. त्या दिवसांत त्याचे हात कोपरापर्यंत जांभळे असायचे. “बारा वाजले की तुझा इतिहास अंगात येतो, दुसरं काय.”

पाचव्या दिवशी तो मुद्दाम जेवायला घरी आला. त्यानंतर त्याने थट्टा केली नाही.

सातव्या दिवशी आम्ही शहरातल्या इस्पितळात होतो. तिथे आमची घंटा ऐकू जाणं शक्य नाही. बारा वाजता यंत्रावरची रेघ सात श्वासांपुरती सपाट झाली. डॉक्टरांनी वायर बदलली. “वजन छान वाढतंय,” ते म्हणाले. “लहान मुलं करतात असं कधीकधी.”

मी मावशीचे हात धरले. घंटा वाजवू नकोस म्हटलं. आठव्या दिवशी तिने वाजवली नाही. तरी आठ.

“घंटा मी वाजवते गं पोरी,” ती म्हणाली. “बारा मी वाजवत नाही.”

“मग त्या वळचणीखालच्यांना सांग, माझे श्वास घ्या.”

“तू ठेवलंस कशाला तिला तिथे?” मग आवाज खाली आणून म्हणाली, “मीही म्हणून पाहिलंय, एकेकाळी. मोठ्यांचे चालत नाहीत.”

तरीही नवव्या दिवशी मी स्वतः त्या दगडावर आडवी झाले. पीस नऊदा हललं. माझा एकही श्वास अडला नाही. घरी इवानोच्या मांडीवर तिचे नऊ अडले.

बाराव्या दिवशी तो चर्चमध्ये पिसासमोर उभा राहिला, मी घरी. फोन सुरू ठेवला.

“हललं,” तो म्हणाला. “एक.”

माझ्या हाताखाली तिचं पोट थांबलं होतं.

“दोन. तीन.”

तो मोजत गेला. मी तिच्या गालावर फुंकर घातली, तळवे चोळले, नावाने हाक मारली.

“बारा,” इवानो म्हणाला. “थांबलं.”

तिने श्वास घेतला.

करण्यासारखं काहीच नव्हतं. फक्त मोजायचं होतं. एकवीस नावं, एकवीस दिवस, मग संपेल. आम्ही एकमेकांना हेच सांगत राहिलो. मधल्या दिवसांत पुस्तिका छापायला गेली.

एकविसाव्या दिवशी तिचे ओठ निळसर झाले.

“एकवीस,” फोनवर इवानो म्हणाला. “थांबलं. घेतला का? सांग ना, घेतला का?”

घेतला होता.

तो घरी आला आणि स्वयंपाकघरात खाली बसून रडला. ऑत्ताविया जन्मली तेव्हा सासऱ्यांनी जपून ठेवायला दिलेली वाइनची बाटली आम्ही त्या संध्याकाळी फोडली. ती अजून आंबट होती. आम्ही संपवली.

बाविसाव्या दिवशी तो कामावर गेला. मी कपडे वाळत घालत होते, ती शेजारी टोपलीत. घंटा झाली. नुसत्या सवयीने मी तिच्या पोटावर हात ठेवला.

पोट थांबलेलं होतं.

मी मोजलं. बावीस.

आज सकाळी मी तिला घेऊन खाली आले. मावशीने दार उघडलं. मी खणातून नोंदवही काढली आणि ते शेवटचं पान चिमटीत धरलं. इतकी वर्षं दप्तरखान्यात काढली, आणि हे बोटांना कळलं नव्हतं. पान जाड होतं. ओलीने दोन पानं एकमेकांना चिकटली होती.

सोडवायचा धीर झाला नाही. खिडकीशी नेऊन उन्हात धरलं. आतल्या नावांची शाई उलटी दिसली, पहिल्या ओळीपासून अगदी तळापर्यंत. ओळी मोजता येत नव्हत्या. खाली खाली अक्षर बारीक होत गेलं होतं, जागा पुरावी म्हणून.