डोक्यातल्या पाण्याचा सूर

एका मुलीला चार कपाळं कशी असतील? पण मिरजेच्या दवाखान्यातल्या पडद्यावर तर तेच दिसत होतं. नऊ वर्षांच्या मेहरच्या डोक्याचं चित्र, आणि कपाळाच्या कडेमागे तशाच तीन फिकट कडा, सारख्या अंतरावर.

"तू हललीस," टिटवी म्हणाली. टिटवी म्हणजे एमआरआय यंत्राजवळची यंत्रमानव. तिथलं चुंबक लोखंडाला खेचून घेतं, म्हणून तिला नखशिखांत प्लास्टिक आणि चिनीमातीची घडवली होती.

"नाही हलले. अल्लाची शप्पथ."

महिन्याभरात मेहरला तीनदा फिट आली होती. फिटचं मूळ मेंदूत कुठं आहे, ते चित्र स्वच्छ आल्याशिवाय कळणार नव्हतं. पुन्हा बिघडलं तर तिला औषधानं झोपवावं लागणार होतं, आणि मेहरला त्या झोपेचीच धास्ती होती. फिट आली की असंच सगळं नाहीसं व्हायचं.

सोबत तिचे नाना होते. सतारीची लाकडं यंत्रं कोरू लागली, तेव्हाची ही गोष्ट. नाना मात्र अजून हातानंच कोरत.

"आधी मला सांग बाई," ते टिटवीला म्हणाले, "कवटी न उघडता आतलं दिसतं कसं?"

"मेंदूत पाणी पुष्कळ, आणि पाण्यात हायड्रोजन. त्याची अणुकेंद्रं (अणूच्या आतले गाभे) म्हणजे इवलीशी चुंबकंच. एरवी त्यांची तोंडं वाटेल तिकडे असतात. मोठ्या चुंबकात त्यांतली काही एका दिशेला वळतात. मग आम्ही रेडिओलहर सोडतो, नेमकी त्यांच्याच सुराची. लहर थांबली की क्षणभर ती तोच सूर परत देतात. हा अनुनाद (आपल्या सुराला दिलेली साद)."

"म्हणजे आमच्या तरफा." सतारीत मुख्य तारांखाली बारीक तारा असतात, त्या तरफा. वर पंचम छेडला की खालची पंचमाची तार हात न लावता गुणगुणते. बाकीच्या गप्प.

"अगदी तशाच. हा सूर कुठं लवकर विझतो, कुठं उशिरा, त्यावरून चित्र काढायचं. जागा ओळखू यावी म्हणून चुंबकाची ताकद भराभर कमीजास्त करतो. त्यानं यंत्रातल्या तारांची वेटोळी थरथरतात आणि ठकठक होते."

"ऐकव बघू ती ठकठक."

टिटवीनं आवाज लावला. नाना नातीकडे बघत होते. आठ ठोक्यांचा फेरा संपून पुन्हा पहिला ठोका पडला, तशी मेहरची मान हलली. पुढच्या फेऱ्यालाही.

"समेवर मान देतेस तू."

"मी कुठं?"

"आपल्याकडे रांगतं पोरही देतं. तुझी आई दंतवैद्याच्या खुर्चीत द्यायची. बिचाऱ्याला घाम फुटला होता."

"ठरावीक वेळानं हललं की सावल्याही ठरावीक अंतरावर पडतात," टिटवी म्हणाली. "म्हणून चार कपाळं."

मेहरचा चेहरा पडला. मान तिच्या नकळत हलत होती; नकळत हलणारं थांबवायचं कसं?

"मी जवारी लावतो तेव्हा काय करतेस?" नानांनी विचारलं. जवारी लावणं म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती घोडी घासघासून तारेचा आवाज मोकळा करणं.

"ऐकते. सूर कधी उघडतो ते चुकू नये म्हणून."

"तेव्हा मान हलते का?"

"नाही."

"मग ठोके सोडून दे. त्यांच्या मागं एक लांब सूर आहे. तो किती वेळा बदलतो, ते येऊन सांग."

मेहर आत गेली. सम हाका मारत राहिली, हनुवटी शिवशिवली, पण ती लांब सुराला धरून राहिली.

"सहा वेळा," बाहेर येताच ती म्हणाली.

पडद्यावर एकच कपाळ होतं. डॉक्टर पाटणेबाईंनी उजव्या बाजूचा तिळाएवढा डाग दाखवला. "मूळ इथं दिसतंय. गोळ्यांनी आवरेल असं वाटतं. सहा महिन्यांनी पुन्हा बघू."

मेहरनं त्या डागावर बोट ठेवलं.

"फिट यायच्या आधी इथला सूर बदलतो का गं?" तिनं टिटवीला विचारलं.

"माहीत नाही. अजून कुणाला नीट ऐकता आलेलं नाही."

नाना चपला शोधत होते. मेहर खुर्ची ओढून पडद्यासमोर बसली.