एकदाच घालायचं पाणी

मोहिनीच्या धाकट्या दिराचं, गोरखचं, लग्न झालं ते साल दोन हजार तेवीस. त्याच साली दिवाळी संपता संपता, पिंपरी पेंढारच्या त्या घरात चौदा वर्षांची हर्षाली आईसमोर कागद धरून उभी होती.

"आई, सही कर. पप्पांनी केली. या रविवारी माझा बाप्तिस्मा, पुढच्या रविवारी बिशपसाहेब येणार, तो पक्का करायला, दृढीकरणाला. चर्चच्या वर्गातल्या सगळ्यांचा बाप्तिस्मा लहानपणीच झालाय. त्यांनी आता आपल्या तोंडानं फक्त 'होय' म्हणायचं. मी एकटीच कोरी!"

मोहिनीचे पिठाचे हात परातीतच थांबले. "नको गं... पाणी नको घालून घेऊ."

"पण का?"

ती पुन्हा पीठ मळू लागली. उत्तर सासूनं, लंकाबाईनं, दिलं.

"तिला काय इचारती? तुझ्या बापानं चार येळा तारीख काढली, चारी येळा ही बया आडवी पडली! डोंगरातनं सून आणली, वाटलं माणसात यील. पोटच्या पोरीला देवाच्या दाराबाहेर उभी केली हिनं!"

"तू मला इकडची होऊ देत नाहीस, तिकडचीही नाही!" हर्षाली रडत म्हणाली आणि कागद तसाच घेऊन निघून गेली.

मोहिनीचं काळीज चिरत गेलं... पण काय करावं? बोलावं तर एक पाप, गप्प राहावं तर दुसरं. आणि त्यातलं थोरलं कोणतं, हे चौदा वर्षांत तिला उमगलं नव्हतं.

हर्षालीच्या वेळी, पहिलं बाळंतपण म्हणून ती डोंगरात तळेघरजवळ आपल्या हिंदू माहेरी गेली होती. नवव्या दिवशी बाळ निळं पडलं. एसटी नव्हती. लेकरू फडक्यात गुंडाळून ती आणि तिची आई अंबाबाई दवाखान्याकडे पायी निघाल्या, आणि ओढ्याशी येता येता बाळाचा श्वासच चालेना! दोनच महिन्यांपूर्वी सासूनं तिला एका बाप्तिस्म्याला नेलं होतं. तिथं पाळकसाहेब म्हणाले होते, लेकरू जायला लागलं आणि जवळ कुणी नसलं, तर कुणीही पिता, पुत्र, पवित्र आत्मा ही तिन्ही नावं घेऊन पाणी घालावं. पण एकदाच, दुसऱ्यांदा घालणं म्हणजे पहिलं खोटं ठरवणं. तेवढं तिच्या ध्यानात राहिलं होतं. हे लेकरू जाणारच असेल तर निदान बापाच्या माणसांत जाऊ दे... तिनं ओंजळ भरली, नावं घेतली, पाणी घातलं. गार पाण्यानं बाळ टाहो फोडून रडलं!

अंबाबाईनं तिचं मनगट धरलं. "काय केलंस ह्ये? भावकीत कळलं तर तुझ्या भनींना कोण करून घील? माझ्या गळ्याची आण हाय. बोललीस तर मी मेले म्हून समज."

त्या दिवसापासून मोहिनीचं तोंड बंद झालं होतं.

रविवारी सगळे जुन्नरच्या चर्चमध्ये गेले. मोहिनी नेहमीसारखी दाराशी बसली. पाळकसाहेबांनी बापाच्या एकट्याच्या सहीवर भागवून घेतलं होतं. हर्षालीनं मान वाकवली, साहेबांनी हात पाण्यात घातला... आणि मोहिनी चपला पायात असतानाच पुढं धावत सुटली.

"थांबा साहेब! तिला पाणी घातलेलं हाय!"

सगळं चर्च मागं वळलं.

"कोणी घातलं, बाई?"

"मी."

"तू?" लंकाबाई उभीच राहिली. "तुझा स्वतःचा तरी झालाय का बाप्तिस्मा?"

पाळकसाहेबांनी सासूला हातानंच गप्प केलं. "कुठले शब्द म्हणून घातलंत?"

मोहिनीनं तिन्ही नावं सांगितली. साहेबांनी पाण्यातला हात बाहेर काढला. मग हात पुसत म्हणाले, "आज मी पाणी घालत नाही. बिशपसाहेबांना विचारतो."

बाहेर नवरा, अमृत, तिच्याकडे परक्यासारखा बघत होता. "चौदा वर्षं... मला एका शब्दानं बोलली नाहीस?"

"आईची आण व्हती. आन माझ्या हातचं पाणी तुमी खरं मानलं असतं का?"

अमृतनं मान खाली घातली.

मंगळवारी पाळकसाहेबांचा फोन आला. पाणी होतं, नावं होती. बाप्तिस्मा झालेला आहे. लंकाबाई ओट्यावर मटकन बसली. "आमच्या चार पिढ्या चर्चात गेल्या, आन घरात लेकराला बाप्तिस्मा देणारी निघाली डोंगरातली!" हसता हसता तिचे डोळे वाहू लागले. "पोरी, तुला मी काय काय बोलले गं... एकदा तरी उलटून बोलायचं व्हतंस!"

पुढच्या रविवारी बिशपसाहेबांनी डोक्यावर हात ठेवला तेव्हा हर्षाली 'होय' म्हणाली. मोहिनी रडत होती. आनंदानं की भीतीनं, तिचं तिलाच कळेना. आण मोडली होती! आईच्या जिवाची!

तिचा चेहरा बघून लंकाबाईच म्हणाली, "चल, विहीणबाईंकडं. मीबी येते." ज्या घराची पायरी ती चौदा वर्षं चढली नव्हती, तिथं ती मोहिनी आणि हर्षालीबरोबर गुडघे धरत डोंगर चढून गेली.

अंबाबाई अंथरुणावर होती. सगळं ऐकून म्हणाली, "बोललीस व्हय..."

"आई, सुटली म्हण! आण सुटली म्हण गं!"

म्हातारीनं आढ्याकडं पाहिलं. "तुझं बरोबर का माझं, मला नाय कळत. तवाबी कळलं नव्हतं." मग उशाशी बसलेल्या हर्षालीच्या तोंडावरून तिनं हात फिरवला. "सुटली."

तिच्या आवाजात माया होती की थकवा, हे मोहिनीला तेव्हाही समजलं नाही, पुढंही नाही.

अंबाबाई त्याच साली, पंधरा डिसेंबरला, शुक्रवारी सकाळी वारली.