दोनशेचा पाऊस

काशीरामची नोकरी शेवटी गेली. पण हे आपण वाचलंच नाही असं धरू आणि २००६ सालच्या जुलैतल्या एका सोमवारी मांडवीला जाऊ. तेव्हा ती शाबूत होती.

मांडवीत बर्फाच्या दुकानावर तहा सोलकरचं ऑफिस होतं. तहा खासगी तपास करायचा. आजवर त्याने होड्यांचे हरवलेले नांगर आणि पळालेले जावई शोधले होते. नांगर जास्त सापडले. त्याचा जोडीदार मितेश उशिरा पोचायचा, ऑफिसातही आणि निष्कर्षालाही.

"तहाभाई, बाबांनी रस्ता बुडवला असं नोटिशीत लिहिलंय," समोर बसलेली मनिषा म्हणाली.

तिचे बाबा म्हणजे काशीराम. मालगुंडच्या अलीकडच्या रस्त्यावर सव्वीस वर्षं मैलकुली. गटारं आणि रस्त्याखालून पाणी नेणाऱ्या मोऱ्या साफ ठेवायच्या, एवढंच काम. आठ दिवसांपूर्वीच्या पावसात तिथला रस्ता मोरीपाशी तुटला. फांद्या काढल्या नाहीत, मोरीचं तोंड तुंबलं, असा ठपका काशीरामवर आला.

"शुक्रवारी कामावरून काढतायत."

"काशीराम काय म्हणतात?"

"काय नाय. आदल्या संध्याकाळी साफ केली व्हती, एवढंच. मोरीला हात लावायची बंदी केलीय त्यांना. पंचनामा होईस्तो सगळ्यांनाच."

"पंचनामा झाला?"

"पंच रस्ता तुटल्यामुळे येऊ शकले नायत."

दुपारी तिघं तिथे पोचले. काशीराम लांब उभा होता. त्याने नुसती मान हलवली.

मोरीचे दोन्ही पाइप जागच्या जागी होते. त्यांच्यावरचा आणि बाजूचा रस्ता गेला होता. तहाने वाकून पाइपमधून पाहिलं. पलीकडे मितेश उभा होता. अख्खा दिसत होता.

"काय दिसतंय?" मितेशने विचारलं.

"तू."

फांद्या होत्या, पण कडेच्या दगडी खांबांच्या डोक्यांवर अडकलेल्या. मितेशने त्या मोजल्या आणि सांगितलं, की चौदा आहेत. तहाने आभार मानले.

मोरी बांधणारा ठेकेदार अरशद नाक्यावर चहा पीत होता.

"सिमेंट किती खाल्लंस?" मितेशने थेट विचारलं.

"एक गोणी पण नाय. पाइप हललेत काय? बघितलेत ना?"

"पाइप बळकट आहेत," तहा म्हणाला.

अरशदने चहाचा पेला खाली ठेवला. त्याच्या कामाला असं कोणी म्हटलं नव्हतं. मग सावरून म्हणाला, "आधीची दगडी मोरी तिप्पट रुंद व्हती. मी बांधकाम खात्याच्या साहेबांना म्हटलं, एवढी बारीक कशाला? म्हणाले, इथल्या पावसाचा आकडा बघून रुंदी काढलीय."

आकडा सखारामकाकांकडचा होता. काका ग्रामपंचायतीचे शिपाई. १९७६ साली पर्जन्यमापक आला, तेव्हापासून रोज सकाळी साडेआठला बाटलीतलं पाणी मोजून वहीत लिहायचे. मापकाचा बाहेरचा डबा गंजून चाळण झाला होता. आतली चार लिटरची बाटली मात्र पहिल्यापासूनची.

"रस्ता तुटला त्या दिवशी किती पडला?"

"दोनशे मिलिमीटर. पाऊस गुणी आमचा. कितीपण कोसळू दे, दोनशेच्या वर गेला नाय कधी."

तहाने वही चाळली. पहिल्या वीस वर्षांत दोनशेचा आकडा चारदा होता. गेल्या पाच वर्षांत अकरा वेळा.

"काकांनी आकडे ठोकून दिलेत," मितेश कुजबुजला.

"काका एकही आकडा खोटा लिहीत नाहीत," तहा म्हणाला. "बाटली न्यायची का, काका?"

"उद्या साडेआठच्या आत आणा म्हणजे झालं."

बांधकाम खात्याच्या ऑफिसात अभियंता साहेब काशीरामला काढायच्या आदेशाच्या मसुद्यातलं शुद्धलेखन तपासत होते. तहाने बाटली टेबलावर ठेवली. शेजारी मनिषा आणि मितेश उभे होते.

"साहेब, मोरी तुंबली असती तर पाइपात कचरा असता. हात लावायची बंदी तुमचीच, आणि पाइप आरपार मोकळे आहेत. फांद्या रस्त्याच्याही वर, खांबांच्या डोक्यांवर अडकल्यात. म्हणजे मोरी वाहत होती, तरी पाणी रस्त्यावरून गेलं. काशीराम सुटला. पाइप हलले नाहीत, म्हणजे अरशदही सुटला."

"मग केलं कोणी?" मितेशने विचारलं. साहेबांनाही तेच विचारायचं होतं.

तहा कोपऱ्यातल्या कळशीतलं पाणी बाटलीत ओतू लागला. बाटली भरली तरी तो थांबला नाही. पाणी फाइलींकडे निघालं. साहेबांनी आधी मसुदा उचलला.

"त्या मापकात चार लिटर म्हणजे दोनशे मिलिमीटर. पुढचा पाऊस बाटलीबाहेर सांडतो, चाळणीतून जमिनीत जातो. पूर्वी बाटली क्वचित भरायची, म्हणून चाललं. आता पाऊस बदललाय, दरसाल दोन-तीनदा भरते. वहीत दोनशेच. त्या दोनशेवर तुम्ही दगडी मोरी पाडून दोन पाइप टाकलेत. रस्ता पावसाच्या मापाचा नाही साहेब, बाटलीच्या मापाचा आहे."

साहेब बराच वेळ टेबल पुसत राहिले.

"त्या रस्त्यावर अशा चौतीस मोऱ्या आहेत," ते हळू म्हणाले. "हीच वही धरून केलेल्या. तुमचं मान्य केलं तर चौतीसही चुकल्या. या मोरीची दुरुस्ती मंजूर झालीय. तेच दोन पाइप."

"पुन्हा तुटेल."

"तुटेल. मला कळतंय हो. पण मी दोनशेच्या वरचा पाऊस धरायचा तर तो कुठल्या वहीत दाखवू? आणि रस्ता तुटला म्हणजे दोषी लागतो. पावसाला नोटीस कुठे पाठवू? काशीरामचा पत्ता आमच्याकडे आहे."

"बाबांचं काय मग?" मनिषाने विचारलं.

साहेबांनी कोरा कागद तिच्याकडे सरकवला. "अर्ज द्या. वर पाठवतो. तेवढं करू शकतो."

तहाने सांगितलं, मनिषाने लिहिलं. मितेशने कागद कोरडा राहावा म्हणून हातात धरला.

"महोदय, सन १९७६ पासून आजतागायत बाटलीबाहेर सांडलेला सर्व पाऊस प्रत्यक्ष जागेवर मोजून नोंदवहीत घेण्यात यावा, आणि सदर मोजणी पूर्ण होईपर्यंत मैलकुली काशीराम यांना कामावरून कमी करण्यात येऊ नये, ही नम्र विनंती."