चौदावा दोष

आमची पहिली भेट झाली तेव्हा तो कमरेपर्यंत सिंकखाली होता आणि मी त्याच्या बुटांशी बोलले.

“कोण आहे?” मी विचारलं.

“गळती नाही,” आतून उत्तर आलं.

इतक्या थोडक्यात आणि इतकी दिलासा देणारी ओळख मला आजवर कुणी करून दिली नव्हती. मग तो सरपटत बाहेर आला. केसांत कोळ्याचं जाळं, काखेत टॉर्च, हातात एक लाकडी दांडी. घराची तपासणी करायला मी फोनवरून बोलावलेला इंजिनियर हाच. आवाजावरून मी पन्नाशीचा, पोट सुटलेला गृहस्थ कल्पून ठेवला होता. हा पस्तिशीचा होता आणि हसण्याआधी परवानगी मागावी तसा क्षणभर थांबून हसत होता.

घर तिसऱ्या मजल्यावरचं. जुनं, पण उजेडाचं. अकरा वर्षांत मी सात भाड्याच्या घरांत राहिले होते आणि प्रत्येक घरमालकाने पहिल्याच दिवशी भिंतीत खिळा ठोकायचा नाही म्हणून बजावलं होतं. मला आता माझा स्वतःचा खिळा ठोकायचा होता. मालकाला होकार की नकार ते शनिवारी संध्याकाळी पाचपर्यंत कळवायचं होतं. त्यानंतर, एजंट म्हणाला, एक जोडपं अगदी टपून बसलंय. एजंटांकडे एक वेळ घर नसेल, जोडपं असतंच.

मी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. दिवसभर लोकांच्या डोळ्यांपुढे भिंगं बदलत “हे बरं की हे?” विचारते आणि ते अडखळले की मनातल्या मनात त्यांना नावं ठेवते. आता मी अडखळत होते आणि मला नावं ठेवायला आई होती.

त्या रविवारी तो दांडीने एकेक फरशी ठोकत घरभर फिरला. टक... टक... भरीव. टक... पोकळ. जिथे दोष तिथे चिठ्ठी चिकटवायची, ही त्याची पद्धत. लाल म्हणजे लगेच दुरुस्त करा, पिवळी म्हणजे लक्ष ठेवा, हिरवी म्हणजे दोष आहे पण जीव जाळू नका. दोन तासांत माझं होऊ घातलेलं घर शाळेच्या स्नेहसंमेलनासारखं दिसायला लागलं. लाल चिठ्ठी एकच होती, झोपायच्या खोलीतल्या भिंतीवर. बाहेरच्या पाइपचा सांधा सुटलाय आणि ओल आत झिरपतेय, असं त्याचं म्हणणं. मी खिडकीच्या कट्ट्यावर बसून ऐकत होते. ऐकताना त्याच्या मनगटाकडे का बघत होते, ते मला सांगता येणार नाही.

“मग... घेऊ का?”

“मी घर काय आहे ते सांगतो. घ्यायचं की नाही ते तुमचं.”

“तुम्ही असता तर?”

“मी नाहीये ना,” तो म्हणाला. मग उगीचच टॉर्च लावून बंद केली.

संध्याकाळी अहवाल आला. चौदा दोष, क्रमाने. चौदावा असा : “बाथरूमचा उतार शंकास्पद. पुन्हा पाहणी आवश्यक.”

म्हणून तो मंगळवारी आला. सोबत पाणसळ, म्हणजे ती काचेच्या नळीत बुडबुडा असलेली पट्टी. ती फरशीवर ठेवून तो बराच वेळ बुडबुड्याकडे पाहत बसला. मी दारात उभी राहून त्याच्याकडे. बोलणं उतारावरून निघालं आणि भलतीकडेच घरंगळलं. त्याने विचारलं, डोळे तपासताना लोक खोटं बोलतात का. मी सांगितलं, बोलतात, चष्मा नको असला की तक्ता पाठ करून येतात. तुम्हाला कळतं? कळतं, मी म्हटलं, आठवणारा माणूस वर बघतो आणि वाचणारा समोर. तो एकदम खाली फरशीकडे बघायला लागला. मग म्हणाला, उताराचं अजून नक्की सांगता येत नाही... गुरुवारी यावं लागेल.

गुरुवारी तो आला. अंदाज घेतोय म्हणाला. बुडबुडा त्याच जागी होता, आम्हीही. जाताना त्याने मला ‘मॅडम’ म्हणायचं टाळलं, पण त्या जागी दुसरं काही म्हणायचंही टाळलं. त्यामुळे निरोपाच्या वाक्यात एक मोठं भोक राहिलं. मी ते भोक घेऊन घरी आले. रात्रीच्या जेवणात आईला बाथरूमबद्दल इतकं सांगितलं की तिने पोळी खाली ठेवली आणि उद्या मी येते म्हणाली.

शुक्रवारी दुपारी आई आली ती बादली घेऊनच. अहवाल वाचण्यावर तिचा विश्वास नाही. तिने नळ सोडला, बादली भरली आणि बाथरूमच्या लांबच्या कोपऱ्यात सगळी ओतली. पाणी एखाद्या शहाण्या मुलासारखं रांगेत निघालं आणि सरळ जाळीत गेलं. मागे एक थेंब उरला नाही.

“हा उतार नाही तर काय डोंगर हवाय त्याला?” आई म्हणाली.

मग तिने हिशेब मांडला, की तो माणूस त्या टपलेल्या जोडप्याने फोडलाय. तुला घाबरवून पळवायचं आणि घर त्यांना द्यायचं. चौदावा दोष खोटा, तर बाकीचेही खोटे, लाल चिठ्ठीही खोटी. किंवा मग याहून मोठं काही लपवलंय. आईच्या एका वाक्यात घर एकाच वेळी ठणठणीत आणि कोसळायला आलेलं झालं. उद्या पाच वाजता मला उत्तर द्यायचं होतं. आणि मला सगळ्यात जास्त राग याचा आला, की त्याने फसवलं असेल या विचाराने घराच्या आधी भलतंच काहीतरी दुखलं.

मी फोन केला. तो अर्ध्या तासात हजर. ओली फरशी पाहिली, बादली पाहिली, आई पाहिली. चेहऱ्यावरून त्याला सगळं कळलं होतं.

“उतार बरोबर आहे,” तो म्हणाला. “रविवारीच बरोबर होता. बुडबुडा जिथे हवा तिथेच होता.”

“मग तसं लिहिलंत कशाला?” मी विचारलं.

तो समोर बघत होता. वर नाही. “तेरा दोष लिहून झाले होते. चौदावा सापडेना. आणि तो नसता तर मला... परत यायला काही कारणच नव्हतं.”

आईने ठिबकणारा नळ घट्ट बंद केला.

“लग्न झालंय?” आईने विचारलं.

“नाही.”

“मग हे असं तोंडाने विचारायचं. बाथरूमची बदनामी कशाला?”

मला हसू येत होतं आणि त्याच वेळी मला त्याला जिन्यावरून ढकलून द्यायचं होतं. माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या खरेदीच्या कागदावर या माणसाने चक्क थाप लिहिली होती. ती माझ्यासाठी लिहिली होती. या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवून मी किती वेळ पाहिल्या, पण हे बरं की हे, मला ठरवता येईना.

त्याने अहवाल घेतला, चौदावा दोष खोडला, खाली सही केली, तारीख घातली. म्हणाला, बाकीचे तेरा खरे आहेत, पण तुम्ही माझ्यावर विसंबू नका. दुसऱ्या कुणाकडून तपासून घ्या, उद्या सकाळी येईल असा माणूस मी सांगतो. त्याने खरंच एक नंबर लिहून दिला. स्वतःवरचा विश्वास उठवायला मदत करणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होते.

“तुम्ही आता जा,” मी म्हटलं. “मला आधी घराचं ठरवायचंय. दोन गोष्टी एकदम ठरवायला लागले तर दोन्ही चुकतील.”

तो गेला. जिन्यातून त्याची पावलं इतकी हळू उतरली की प्रत्येक पायरी तो तपासतोय असं वाटलं.

मी झोपायच्या खोलीत गेले आणि लाल चिठ्ठीच्या खाली भिंतीवर तळहात टेकवला. गार, ओलसर, हाताला चुना लागला. आईनेही हात लावला. बोटांचा चुना पदराला पुसला, म्हणजे पटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने सांगितलेला माणूस आला. म्हातारा, कुरकुऱ्या, त्याने कुणाकडेच बघितलं नाही, फक्त घराकडे बघितलं. त्याचेही तेराच निघाले. ओल खरी, पण पाइपची. भिंत पक्की आहे, म्हणाला.

साडेचारला मी एजंटला कळवलं, घर घेते, पण पाइप मालकाने आधी बदलून द्यायचा. एजंटने जोडप्याची आठवण करून दिली. मी म्हटलं, त्यांना द्या मग, त्यांच्याकडे छत्र्या असतील. पाच मिनिटांत त्याचा फोन आला. मालक तयार होता आणि जोडप्याला अचानक दुसरीकडे घर मिळालं होतं.

फोन ठेवल्यावर मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं इतकंच, की एक प्रश्न सुटला आणि आता दुसऱ्याला सबब राहिली नाही.

पाइप बदलून किल्ली हातात यायला तीन आठवडे लागले. त्या दिवशी मी त्याला फोन केला आणि रविवारी ये म्हटलं. हे ‘ये’ आम्हा दोघांनाही ऐकू आलं.

“काही... निघालंय का घरात?” त्याने विचारलं.

“काही नाही.”

“मग पाणसळ आणू? शिडी?”

“काही आणू नकोस. हात हलवत ये.”

तो खरोखरच तसा आला. ना टॉर्च, ना दांडी, ना चिठ्ठ्या. रिकाम्या खोलीच्या मधोमध उभा राहिला आणि हातांचं काय करावं ते त्याला कळेना. खिशात घालून पाहिले, बाहेर काढले, पाठीमागे बांधले. दोन मोकळ्या हातांनी इतका गोंधळलेला माणूस मी कधी पाहिला नव्हता. अर्थात माझंही काही फार स्पष्ट होतं अशातला भाग नाही.

म्हणून एक हात मी घेतला. दुसऱ्याचं काय करायचं ते मग त्यानेच ठरवलं... जरा वेळ लावून, पण बरोबर.