डावीकडच्या काचा

गुंजवणे गावाच्या वरच्या अंगाला शेळ्यामेंढ्यांनी रस्ता अडवला, म्हणून अश्लेषाने स्कूटी थांबवली. मागे बांधलेल्या खोक्यात तिची दोन वर्षं होती. कळपामागून घोंगडी पांघरलेला सिद्धनाथ आला.

"खोक्यात काय, अंडी?"

"सौर काचा. पेरोव्हस्काईटच्या. उन्हात वीज देतात... पण दमट हवा लागली की पिवळ्या पडतात."

"मग हितं कशाला आणल्या? हितं धुकंच धुकं."

"म्हणूनच."

भोरच्या एका वकिलांची ही मुलगी पुण्यात संशोधन करत होती. उजवीकडच्या सहा काचांच्या थरात तिने चिमूटभर जादा रसायन मिसळलं होतं; डावीकडच्या सहा साध्या. साध्या पिवळ्या पडल्या आणि उजवीकडच्या टिकल्या, तरच त्या चिमटीला अर्थ. सिद्धनाथच्या छपरावर बाराही काचांची चौकट बसली.

"आत शिसं आहे, हात लावायचा नाही. रोज सकाळी फोटो पाठवायचा, बस."

फोटो पाठवायला तो रेंज असलेल्या टेपाडावर चढायचा. दुसऱ्या आठवड्यात फोटोच्या कोपऱ्यात एक करडू आलं.

"करडू कशाला?"

"ते बी तपासा की... वाढतंय का."

तिसऱ्या आठवड्यापासून ती फोटोत आधी करडूच शोधू लागली. रविवारची मोजणी अर्ध्या तासाची. चहा मात्र दोनदा व्हायचा.

सहाव्या रविवारी मीटरने दोन्हीकडे सारखेच आकडे दाखवले. साध्या काचा कडेला जराशा पिवळट, बाकी काळ्याभोर. म्हणजे चिमटीने काहीच केलं नव्हतं. उद्या पुण्यात संशोधनाच्या सरांना तेवढं सांगितलं, की विषय संपला, आणि इथे येणंही. ती चौकटीचे स्क्रू काढू लागली. एका स्क्रूला काळी लोकर अडकली होती.

"ही कुठून आली?"

"घोंगडीची. डावीकडच्या पिवळ्या पडाया लागल्या... अशक्त करडू दिसलं की आमी त्याला उबंला घेतो. धुकं उतरलं की तेवढ्यांवर घोंगडी घालायचो. फोटोला काढायचो. हात न्हाई लावला, शपथ."

"आणि उजवीकडच्या?"

"उघड्याच. त्या धडधाकट हुत्या."

अश्लेषा आधी चिडली. मग तिला उमगलं: उजवीकडच्या काचा सहा आठवडे धुक्यात उघड्या राहूनही टिकल्या होत्या. चिमटीला कदाचित अर्थ होता. ती हसायला लागली.

"लई चुकलं का?"

"फारच. आता नव्या काचा आणून सगळं पहिल्यापासून."

"मंजी... परत सा रविवार?"

"सहा. आणि डावीकडच्यांना मरू द्यायचं."

"ते अवघड हाय," तो म्हणाला. धुकं उतरू लागलं, तशी त्याने सवयीने अंगावरची घोंगडी काढली, चौकटीकडे वळला आणि थबकला. "मग ही आता... कुणाला घालू?"

"मी काही नमुन्यांतली नाही. मला घातली तर चालेल."

त्याने ती तिच्या खांद्यांवर टाकली. शेळ्यांचा वास आला. तिने नाक मुरडलं, पण घोंगडी आवळून घेतली.

"मला तुमी आवडता," तो काचांकडे बघत म्हणाला. "सा रविवार झाल्यावर काय?"

तोही तिला आवडत होता. तिसऱ्या आठवड्यापासून. फक्त तशी नोंद कुठे केली नव्हती.

"थंडीतली मोजणी," काढलेला स्क्रू पुन्हा बसवत ती म्हणाली. "मग उन्हाळ्यातली."