टोपलीतले बदाम

रविवारी माझं लग्न, म्हणून शुक्रवारी मी दक्षिण इटलीतल्या आमच्या त्रानीला आले. बोलोन्याच्या कॉलेजात पाच वर्षं काढली, तरी लग्न समुद्राकाठच्या आमच्याच कॅथेड्रलमध्ये, हा माझा हट्ट.

जेवणं झाली तशा नुन्झिया मावशीनं खिडक्यांच्या झडपा ओढून घेतल्या. "भर दुपारचा उलटा प्रहर लागला. चारपर्यंत गुपचूप पडून राहा."

"उन्हाला भितेस, की या वेळी माणसं धरणाऱ्या त्या तुझ्या बाईला?" मी चिडवलं.

"हस, शिकलेली ना तू!" तिनं घाईघाईनं छातीवर क्रूस काढला. "पण पाल्मा, या वेळी कुणी विचारलं 'कुणाची तू', तर तोंड उघडायचं नाही."

ती घोरायला लागली आणि मी निसटले. लग्नाच्या बदामांची पहिली पुरचुंडी मीच बांधली होती, ती देवापुढे ठेवायची होती. साखरेत घोळवलेले पाच बदाम: आरोग्य, संपत्ती, सुख, संतती, दीर्घायुष्य.

गल्लीत चिटपाखरू नव्हतं. पांढऱ्या भिंती डोळ्यांत घुसत होत्या. तळलेल्या माशांचा वास, आणि त्याखाली काहीतरी कुबट, ओलं... मांजर आडवी गेली तरी दचकणारी मी, पण आज पायच जमिनीवर नव्हते.

कर्र... कर्र...

वरून दोरीला बांधलेली टोपली थेट नाकासमोर उतरली. मी किंचाळलेच! मग हसू आलं. पाव नि भाजी घ्यायला तीन जिने कोण उतरतंय? म्हाताऱ्या टोपलीच सोडतात. ही रिकामी होती, आणि रिकामी टोपली वर पाठवायची नसते.

"कुणाची गं तू, पोरी?" वरून गोड आवाज आला. आमच्याकडे नाव मागाहून, आधी हाच प्रश्न. उन्हात चेहरा दिसेना.

"तुमचीच की, आजी! परवा लग्न आहे माझं, तोंड गोड करा!" मी पुरचुंडी टोपलीत टाकली.

टोपली वर गेली. हाताची सावली करून मी पाहिलं. वर गॅलरी नव्हती. छत कोसळलेलं, नुसती भिंत... आणि तिच्यावर आभाळ.

धावत घरी आले. मावशी पलंगावर उठून बसली होती.

"कुणी विचारलं?"

"नाही."

"पाल्मा..."

"नाही म्हटलं ना!"

तेवढ्यात झडपेबाहेर आवाज आला. कर्र... कर्र... आमच्यावर मजला नाही. मावशीनं झडप ढकलली. कठड्याशी टोपली लोंबत होती, आत माझी पुरचुंडी. रिबिनीची गाठ मी मारली होती तश्शीच. मावशीनं ती सोडून बदाम तळहातावर ओतले.

चार.

"कुठला घेतला गं...?" ती पुटपुटली.

वर आभाळात गेलेल्या दोरीला दोन हलके हिसके बसले. टोपली आता रिकामी होती, आणि रिकामी पाठवायची नसते, हे वरच्या बाईलाही ठाऊक होतं.